पहाटेची पोटदुखी आणि दीडशे विद्यार्थी: मेडिकलचा एक तास नव्याने कसा घ्यावा

सर्पदंशाचं लेक्चर मी सलग सहा वर्षं एकाच पीपीटीवर घेतलं. ६४ स्लाइड. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. विषाचे प्रकार, लक्षणं, उपचार आणि शेवटी 'थँक यू' लिहिलेला सूर्यास्ताचा फोटो. मुलांची काही तक्रार नसायची, कारण पेपरात नेमकं तेच यायचं.

मग एका पावसाळ्यात पहाटे पाचला कॅज्युअल्टीत एक शेतमजूर आला. पोटात मुरडा, दोन उलट्या, अंगावर कुठे जखम नाही. ड्यूटीवरचा इंटर्न माझाच विद्यार्थी. त्याने ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि खाट दिली. तासाभराने सिस्टरांनी हाक मारली, "डॉक्टर, ह्यांचे डोळे उघडत नाहीयेत." पुढचं सगळं धावपळीत झालं. घशात नळी घातली, नशिबाने व्हेंटिलेटर रिकामा होता, आणि तो माणूस बरा होऊन चालत घरी गेला. नंतर मी त्या इंटर्नला विचारलं, "मण्यार चावली तर काय दिसतं रे?" त्याने घडाघडा सांगितलं: रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावा कळत नाही, दातांच्या खुणा दिसत नाहीत, पोटात दुखतं, पापण्या मिटतात. माझी २७ नंबरची स्लाइड त्याला तोंडपाठ होती.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. फक्त मी दरवर्षी फळ्यावर 'सर्पदंश' हे नाव आधी लिहून मग लक्षणं शिकवत होतो. कॅज्युअल्टीत येणारा माणूस 'पोटात दुखतंय' एवढंच सांगतो. निदानाकडून लक्षणाकडे जाण्याची सवय मी लावली आणि परीक्षा मात्र उलट्या दिशेने झाली.

कागदावर हा दोष दूर होऊन बरीच वर्षं झाली. एमबीबीएसचा १९९७ चा जुना साचा मोडून २०१९ च्या बॅचपासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता येतं त्यावर बेतलेला. २०२० मध्ये मेडिकल कौन्सिल जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, त्यानेही तोच पुढे चालवला. अनेक विभागांत त्याचा दिसणारा परिणाम एवढाच, की लॉगबुकं जाड झाली आणि सह्या वाढल्या. खाली लिहिलंय ते अशा शिक्षकासाठी, ज्याच्याकडे दीडशे मुलांची बॅच आहे, पायऱ्यांचा जुना हॉल आहे, अधूनमधून बंद पडणारा प्रोजेक्टर आहे आणि एचओडींची (विभागप्रमुखांची) फक्त एका तासापुरती परवानगी आहे. एकच विषय घ्या. मी सर्पदंश घेतला, म्हणून उदाहरणं त्याचीच.

पहिली पायरी: क्रियापदं लिहून काढा

पीपीटी उघडण्याआधी कोरा कागद घ्या आणि या तासानंतर विद्यार्थी काय करेल ते लिहा. 'समजेल', 'माहिती होईल', 'जाण येईल' ही क्रियापदं चालणार नाहीत, कारण ती बाहेरून दिसत नाहीत. ओळखेल, काढेल, मोजेल, सांगेल, नकार देईल अशी घ्या.

नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक क्षमतेपुढे एक पातळी दिलेली असते: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, स्वतः करतो. ही उतरंड वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडवरून आली. ती पातळी बघूनच शिकवण्याची पद्धत ठरवा. 'करून दाखवतो' असं लिहिलेली गोष्ट तुम्ही लेक्चरमध्ये सांगून मोकळे झालात, तर पोहण्यावर व्याख्यान दिल्यासारखं आहे.

माझ्या कागदावर शेवटी तीनच ओळी राहिल्या. एक: पहाटेची विनाकारण पोटदुखी किंवा पापण्या जड होणं दिसलं की दंशाचा विचार करेल आणि विचारेल. दोन: वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी योग्य नळीत लावेल आणि वाचेल. तीन: श्वास कधी थकतोय हे खाटेपाशी मोजेल. विषातल्या प्रथिनांच्या नावांसकट बाकीचं सगळं वाचनाच्या कागदात गेलं. हे गाळणं सगळ्यात अवघड आहे. प्रत्येक स्लाइड आपल्याला पोटच्या पोरासारखी वाटते.

दुसरी पायरी: केस रुग्णाच्या तोंडची लिहा

चांगली केस शोधायला परदेशी साइटवर जाऊ नका. तुमच्या वॉर्डाचं रजिस्टर आणि रात्रपाळीचा रेसिडेंट यांच्याकडे वर्षभर पुरेल एवढा माल असतो. नाव, गाव, वय, व्यवसाय बदला, म्हणजे कुणी ओळखणार नाही. मग केस तुकड्यांत कापा आणि एकेक तुकडा देत जा. माझी अशी आहे:

तुकडा पहिला: "डॉक्टर, मध्यरात्रीपासून पोटात कळ मारतीय. दोनदा ओकलो. काल जेवण बरोबरच होतं." वय ३८. नाडी ९६, रक्तदाब १३०/८०, पोट मऊ.

तुकडा दुसरा, फक्त कुणी विचारलं तरच: झोपले कुठे होते? "पडवीत, खाली सतरंजीवर. पावसानं आत गळतंय." काही चावलं का? "न्हाई. मध्येच कायतरी टोचल्यावानी झालं, ढेकूण असंल."

तुकडा तिसरा: अर्ध्या तासाने त्याला दोन-दोन दिसू लागतं, बोलणं घोगरं होतं, पापण्या अर्ध्यावर येतात.

दुसरा तुकडा न विचारता मिळत नाही, यातच सगळी गंमत आहे. पहिल्या वर्षी दीडशेतल्या एकानेही 'कुठे झोपला होता' हे विचारलं नाही. सोनोग्राफी मात्र अकरा जणांनी मागितली.

वेळापत्रकावर या तासाचं नाव 'सर्पदंश' लिहू नका. 'पोटदुखी, केस क्रमांक ३' लिहा. हा एक बदल फुकटात होतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच आहे.

एक पथ्य. केस गावच्या बोलीत लिहिली की हॉलमध्ये हशा पिकतो. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या मुलांना भाषा कळत नाही म्हणून, आणि शहरातल्या आपल्या मुलांना ती 'गावठी' वाटते म्हणून. हशा थांबेपर्यंत गप्प उभं राहा आणि मग विचारा, "'टोचल्यावानी' म्हणजे काय, आणि 'न्हाई' म्हटल्यावर पुढे आणखी काय सांगितलं?" निदान त्या वाक्यातच आहे.

तिसरी पायरी: तासाआधीचं काम, पण थोडं

पूर्ण लेक्चर रेकॉर्ड करून पाठवणं म्हणजे मूळ आजार व्हिडिओवर नेणं. दोन पानांचा कागद पुरे: चार विषारी सापांची तुलना, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काय बिघडतं त्याची आकृती, आणि राष्ट्रीय उपचारपद्धतीतला क्रम. सोबत फोनवर रेकॉर्ड केलेली आठ-दहा मिनिटांची समजावणी. सीआरला (वर्गप्रतिनिधीला) सांगून ग्रुपवर टाका, तीन दिवस आधी. आदल्या रात्री टाकलेलं कुणी वाचत नाही. आपणही वाचत नव्हतो.

दारात प्रत्येकाकडून चिठ्ठीवर तीन उत्तरं घ्या. गुण देऊ नका, हजेरी म्हणून धरा. सुरुवातीला निम्मी मुलं न वाचता येतात. अशा वेळी 'वाचून आला नाहीत, मग मीच सांगतो' हा मोह होतो. एकदा सांगितलंत, की वर्षभर कुणी वाचून येणार नाही.

मुलं चॅटबॉटला विचारतात हे गृहीत धरा. मी त्यांना मुद्दाम सांगतो: त्याला प्रतिविषाचा डोस विचारा आणि उत्तर राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांशी ताडून आणा. लहान मुलाला डोस कमी की तेवढाच, हेही विचारा. (तेवढाच. साप मूल लहान बघून विष कमी सोडत नाही.)

चौथी पायरी: प्रत्यक्ष तास, मिनिटागणिक

लागणारं सामान: प्रत्येकाकडे ए, बी, सी, डी लिहिलेली चार रंगांची कार्डं, स्वच्छ कोरड्या नव्या काचेच्या नळ्या, आणि एक रेसिडेंट.

पाचव्या मिनिटापर्यंत पहिला तुकडा वाचून होतो. 'शेजाऱ्याशी बोलून तीन शक्यता लिहा.' दोन मिनिटं हॉलमध्ये बाजार भरतो, भरू द्या.

आठव्या मिनिटाला मी बाही वर करतो. रेसिडेंट माझं दोन मिलि रक्त काढून काचेच्या नळीत घालतो आणि नळी टेबलावर उभी ठेवतो. शेजारी दुसरी नळी, तिच्यात ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, घातलेलं रक्त. कुणीही हात लावायचा नाही. फळ्यावर वेळ लिहायची. हातमोजे, सुईचा डबा, सांडलं तर काय, हे सगळं नियमाने करायचं आणि करताना मोठ्याने बोलायचं.

मधली वीस मिनिटं केस पुढे जाते. विचारलेल्या प्रश्नांनुसार दुसरा तुकडा, मग तिसरा. प्रत्येक टप्प्यावर चार पर्यायांचा एक प्रश्न. आधी सगळ्यांनी एकदम कार्ड वर करायचं. उत्तरं विखुरलेली दिसली, तर बरोबर उत्तर सांगायचं नाही. 'तुमच्यापेक्षा वेगळं कार्ड असलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवा', आणि पुन्हा कार्ड. ही पद्धत हार्वर्डमध्ये एरिक माझुर यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात १९९० च्या दशकात रुळवली. मेडिकलला ती आणखी चांगली लागू पडते, कारण पुढे जन्मभर रात्री दोनला सहकाऱ्याशी हेच करायचं असतं. सगळ्यांची कार्डं एकाच रंगाची आली तर चर्चेत वेळ घालवू नका, पुढे जा.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला नळ्या एकदाच तिरक्या करायच्या. माझं रक्त गोठलेलं, दुसऱ्या नळीतलं पाण्यासारखं वाहतं. हॉल शांत होतो. मग प्रश्न: आपल्या रुग्णाची नळी कशी दिसेल? निम्मे लोक 'गोठणार नाही' म्हणतात आणि इथेच मुद्दा पक्का होतो. घोणस आणि फुरसं रक्त बिघडवतात. मण्यार तंतू आणि स्नायूंचा संवाद तोडते, तिच्या दंशात नळी गोठू शकते. गोठलेली नळी बघून रुग्णाला घरी पाठवणारा डॉक्टर तयार होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

नळीबद्दल दोन वाक्यं जरूर बोला. प्लॅस्टिकची चालत नाही आणि साबणाने धुतलेली काचेचीही नाही, कारण मग निरोगी रक्तही गोठत नाही आणि खोटा धोका दिसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन मुलं हेच चुकतात.

उरलेल्या वेळात उपचारांचा क्रम, आणि शेवटची पाच मिनिटं प्रत्येकाने एका चिठ्ठीवर 'अजून न कळलेलं' लिहून द्यायचं. त्या चिठ्ठ्या त्याच दिवशी वाचा. एका वर्षी चाळीस चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न होता: निओस्टिग्मिन (तंतूकडून स्नायूला निरोप नेणारं रसायन टिकवणारं औषध) नागाच्या दंशाला चालतं, मग मण्यारीच्या का फारसं नाही? नागाचं विष प्रामुख्याने सांध्याच्या पलीकडे, स्नायूवर बसतं; मण्यारीचं अलीकडे, तंतूच्या टोकाचंच नुकसान करतं. तिथून रसायन सुटलंच नाही तर ते टिकवणारं औषध काय करणार? त्या वर्षी मी शरीरक्रियाशास्त्राच्या मॅडमना पुढच्या तासाला पंधरा मिनिटं बोलावलं. अभ्यासक्रमात ज्याला एकात्मीकरण म्हणतात आणि ज्यावर समित्यांच्या बैठका झडतात, ते आमच्याकडे एका फोनवर झालं.

पाचवी पायरी: हात बसवणं

वीस-पंचवीसच्या तुकड्यांत, स्किल लॅबमध्ये किंवा वॉर्डाच्या बाजूच्या खोलीत. शल्यचिकित्सक पेटन यांची चार टप्प्यांची रीत वापरा: आधी शिक्षक न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवतो, मग सावकाश, प्रत्येक कृती समजावत, मग विद्यार्थी बोलतो आणि शिक्षक त्याच्या सांगण्याबरहुकूम करतो, शेवटी विद्यार्थी बोलत-बोलत स्वतः करतो. तिसरा टप्पा गाळायचा मोह होतो. गाळू नका, गोंधळ तिथेच उघडा पडतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींना महागडा पुतळा लागत नाही. एका श्वासात किती आकडे मोजता येतात? उशीवरून डोकं उचलून किती वेळ धरता येतं? वर बघत राहिल्यावर पापणी खाली येते का? मुलांनी एकमेकांवर दहा वेळा केलं की खाटेपाशी आपोआप होतं. दर अर्ध्या तासाने आकडा केसपेपरवर लिहायला लावा. २५ वरून १२ वर आलेला आकडा कुठल्याही यंत्राआधी धोका सांगतो.

सहावी पायरी: खाटेपाशी पाच वाक्यं

राउंडला वेळ नसतो, मान्य. म्हणून १९९२ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी एक छोटी चौकट मांडली, ती मी मराठीत अशी वापरतो:

"तुला काय वाटतं, काय झालंय?" आणि थांबायचं. "कशावरून?" मग एकच सर्वसाधारण नियम सांगायचा, सगळं पुस्तक नाही. मग नेमकं काय बरोबर केलंस ते: "झोपायची जागा विचारलीस, ते महत्त्वाचं होतं." आणि नेमकं काय चुकलं ते: "मान उचलून बघितली नाहीस."

'छान' आणि 'काहीच वाचत नाही तुम्ही लोक' या दोन्हींतून विद्यार्थ्याला काही मिळत नाही. आमच्या पिढीला दुसरं वाक्य भरपूर मिळालं, म्हणून आपणही ते सढळ हाताने वाटतो. मीही वाटलंय.

रुग्णाची परवानगी विद्यार्थ्याने स्वतः, नाव सांगून, मराठीत घ्यायची. "काका, मी शिकाऊ डॉक्टर आहे, तुम्हाला दोन प्रश्न विचारू का?" बाहेरच्या राज्यांतल्या मुलांसाठी वीस-पंचवीस वाक्यांचा कागद देवनागरी आणि हिंदी अर्थासह बनवा; त्यांच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेसाठी वेळ ठेवलेलाच असतो, तो 'माझं नाव अमुक' शिकवण्यात घालवू नका. 'कळ', 'मुरडा', 'भोवळ', 'दम लागणं', 'जीव घाबरा होणं' यांतला फरक शिकवा.

याच विषयात दोन संवाद आयते मिळतात. पहिला: नातेवाईक आधी मांत्रिकाकडे जाऊन तीन तास घालवून आले आहेत. विद्यार्थ्यांत जोड्या लावा, एक रुग्णाचा भाऊ, दुसरा डॉक्टर. भावाला रागावल्यावर काय होतं ते त्यांना अनुभवू द्या: तो गप्प बसतो आणि दंशाची वेळ खोटी सांगतो. दुसरा: व्हेंटिलेटरवरचा मण्यारीचा रुग्ण. हलत नाही, डोळे उघडत नाही, पण पूर्ण शुद्धीत असू शकतो आणि सगळं ऐकतो. त्याच्या उशाशी उभं राहून 'वाचेल असं वाटत नाही' म्हणणारा सीनियर विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतोच. 'त्याऐवजी काय बोलायचं?' एवढाच प्रश्न टाका. वृत्ती, नैतिकता आणि संवाद यांसाठी अभ्यासक्रमात वेगळे तास आहेत, ते हॉलमध्ये पीपीटीवर घेण्यापेक्षा इथे घ्या.

सातवी पायरी: परीक्षा बदला, नाहीतर वरचं सगळं वाया

मुलं जे विचारलं जाईल तेच शिकतात. यात त्यांचा दोष नाही. अंतर्गत परीक्षा विभागाच्या हातात असते, तिथून सुरू करा. 'मण्यार दंशावर टीप लिहा' याऐवजी पहिला तुकडा छापा आणि विचारा: आणखी कोणते चार प्रश्न विचाराल, का?

कौशल्यासाठी ओस्की घ्या, म्हणजे एकेका स्टेशनवर ठरलेल्या वेळात एकेक काम करून दाखवायची परीक्षा. रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत १९७५ मध्ये मांडलेली ही पद्धत आपल्याकडे बाऊ करून ठेवली आहे. हिशेब सोपा आहे. सहा स्टेशन, प्रत्येकी पाच मिनिटं, बदलायला एक मिनिट: छत्तीस मिनिटांत सहा विद्यार्थी. चोवीसच्या तुकडीला चार फेऱ्या, म्हणजे सुमारे अडीच तास. एक दुपार. दोन स्टेशनं लेखी ठेवली तर परीक्षक चारच लागतात. घंटेसाठी फोनचा अलार्म चालतो.

तपासयादी नळीच्या स्टेशनची अशी: काचेची कोरडी नळी निवडली, ताजं दोन मिलि रक्त घातलं, वेळ नोंदवली, नळी हलवली नाही, वीस मिनिटांनी एकदाच तिरकी केली, निष्कर्ष बरोबर सांगितला. पाच मिनिटांत वीस मिनिटं कशी बसवायची? 'वीस मिनिटं झाली' असं म्हणून परीक्षक दुसरी तयार नळी हातात देतो. यादी सहा-आठ ओळींच्या वर नेऊ नका, नाहीतर परीक्षक मुलाकडे न बघता कागदाकडे बघत राहतो. संवादाच्या स्टेशनला यादी कमी आणि एकूण पडलेली छाप जास्त मोजा. 'नमस्कार केला: १ गुण' अशी यादी ठेवली तर मुलं यंत्रासारखा नमस्कार करतात.

ओस्कीनंतर तिथेच दहा मिनिटं सर्वांना एकत्र बसवून चुका सांगा. गुण महिन्याने लागले तरी चालतील.

आठवी पायरी: सहा आठवड्यांनी तोच साप, वेगळ्या वेशात

पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला तपासल्याने आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं. म्हणून दीड महिन्याने, तापाच्या एखाद्या तासात, न सांगता एक केस घुसवा: सकाळी घसा धरलाय, गिळता येत नाही, आई म्हणते घशाला सूज आली. किती जणांनी पापण्या बघितल्या ते मोजा. तुमचं शिकवणं टिकलं की नाही, ते या आकड्यावरून कळेल.

विभागात कसं निभवाल

एचओडींकडे 'मला शिकवण्याची पद्धत बदलायची आहे' असं म्हणत जाऊ नका. 'येत्या सत्रात माझा एक तास केस घेऊन घेतो, मेडिकल एज्युकेशन युनिटला नोंद देतो' म्हणा. युनिटला अशी नोंद हवीच असते. पहिल्या तासाला एखाद्या सीनियरला मागच्या बाकावर बसवा. कार्डं वर गेलेली त्यांनी स्वतः पाहिली की पुढचं समजावणं वाचतं.

लेक्चर सरसकट टाकू नका. अवघड संकल्पना, उदाहरणार्थ आम्ल-क्षार समतोल, एखादा चांगला वक्ता वीस मिनिटांत उलगडतो ते गटचर्चेत दोन तासांत होत नाही. आणि स्मार्ट बोर्डासाठी प्रस्ताव पाठवण्याआधी काचेच्या नळ्या आणि कार्डशीट यांचं बिल लावा.

तयारीला वेळ लागतो. माझ्या पहिल्या केसला तीन रविवार गेले. दुसरीला एक गेला. सध्या विंचूदंशाची लिहितोय. शेजारच्या तालुक्यातलं सहा वर्षांचं पोर, हातपाय गार, अंगाला दरदरून घाम, आणि आई सांगते, "आता दुखत नाही म्हणतोय, म्हणून घरी न्यावं म्हटलं." महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा मुलांच्या खाटेशी रात्री काढून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. पहिला तुकडा आईच्या त्या वाक्यावरच तोडायचा, एवढं ठरलंय.